शेजारच्या आजींचा नाण्यांचा डबा – प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२५

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. कोव्हेंट्रीत आमच्याच रस्त्यावर राहणाऱ्या आजींचे मिस्टर मध्ययुगीन युरोपातली चांदीची नाणी जमवायचे, बहुतेक सगळी साठ-सत्तरच्या दशकात नाण्यांच्या फेअरमधून आणि डीलरांकडून घेतलेली. ते गेले, आता आजींना यादी हवीये, कुठलं नाणं कुठलं आहे आणि खरं किती, खोटं किती. विकायची घाई नाही असं त्यांनी स्वतःच सांगितलं त्यामुळे मी हो म्हटलं. पुण्यात असताना शिवराया आणि मराठ्यांचे रुपये बघत बघत डोळा थोडा तयार झालाय, हाताने पाडलेलं नाणं म्हणजे ठसा मोठा आणि चकती छोटी, अर्धी अक्षरं नाण्याबाहेर, हे सगळं इकडच्या नाण्यांतही तसंच आहे.

डब्यात बहुतेक इंग्लंडच्या पेनी आहेत, थोडे मोठे ग्रोट म्हणजे चार पेनींची नाणी, काही युरोपातली. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे बऱ्याच नाण्यांखाली गोल कापलेली कागदी चिठ्ठी आहे, फाउंटन पेनने लिहिलेली, आणि तिच्यावर वजन दिलंय. वजन ग्रेनमध्ये. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी नीट तोलून लिहून ठेवलेलं वजन आज आपल्या काट्यावर जुळतं का, हा फुकटात मिळालेला पुरावा आहे. म्हणून पहिला नियम, चिठ्ठी आणि नाणं एकमेकांपासून हलवायचं नाही. एकेक नाणं काढायचं, फोटो, वजन, व्यास, परत त्याच खाचेत.

९ फेब्रुवारी

काही नाणी जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत होती आणि ती हिरवट चिकट झालीयेत. पीव्हीसी सुटतं ते. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढली, खिडकी उघडी ठेवून, घासाघीस अजिबात नाही. अ‍ॅसिटोन चांदीला काही करत नाही, फक्त तो चिकटा जातो. याच्यापलीकडे कसलंही क्लीनिंग करणार नाहीये. चांदीची पॉलिश, टूथपेस्ट, बेकिंग सोडा, हे सगळं बंद. आजी म्हणाल्या थोडी चमकवून द्या ना, मी त्यांना समजावलं की अक्षरांच्या कोपऱ्यात जी काळी माती आणि काळपटपणा साठलाय तोच मला वाचायचाय, तो गेला तर अर्धी साक्ष गेली.

१६ फेब्रुवारी

आज शॉर्ट क्रॉस पेनी. हा प्रकार समजला की पुढचं सगळं सोपं जातं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुसऱ्या हेन्रीने ११८० मध्ये ही पेनी सुरू केली. पुढच्या बाजूला समोर बघणारा राजा आणि हातात राजदंड, मागे दुहेरी रेषांचा आखूड क्रॉस आणि चारही कोनांत चार-चार ठिपक्यांची फुलं. आता गंमत अशी की हेन्री गेला, मग रिचर्ड आला, मग जॉन, मग तिसरा हेन्री, पण नाण्यावर नाव शेवटपर्यंत हेन्रिकस रेक्स, थेट १२४७ पर्यंत. म्हणजे रिचर्ड द लायनहार्टच्या नावाची इंग्लिश पेनी नाहीच. तसं काही कोणी विकत असेल तर तिथेच थांबायचं. मग कुठल्या राजाचं नाणं हे कसं ओळखायचं? तर केसांच्या बटा, दाढीचे ठिपके, मुकुटाची पट्टी आणि अक्षरांची घडण यांवरून. लॉरेन्स नावाच्या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याचे आठ वर्ग पाडले, त्याचेच पोटवर्ग आजही वापरतात. पहिल्या वर्गात एका बाजूला दोन बटा आणि दुसऱ्या बाजूला पाच, १२०५ मध्ये जॉनने नवी नाणी पाडून घेतली तेव्हापासून पाचवा वर्ग, आणि सातवा वर्ग सगळ्यात जास्त सापडणारा, तिसऱ्या हेन्रीचा.

मागच्या बाजूला टांकसाळवाल्याचं नाव आणि गाव. इल्गर ऑन लुंड, म्हणजे लंडनचा इल्गर. हे नाव छापायचं कारण सरळ आहे, नाण्यात खोट निघाली तर कोणाला धरायचं ते राजाला कळलं पाहिजे. पहिल्या हेन्रीने ११२४ च्या ख्रिसमसला देशभरचे टांकसाळवाले विंचेस्टरला बोलावून घेतले आणि हलकी नाणी पाडल्याबद्दल त्यांचे उजवे हात तोडायला लावले. असल्या पहाऱ्याखाली काम करणारा माणूस नाव गिचमिड काढेल पण चांदीत सहसा हात मारणार नाही, म्हणून या पेनींचा कस इतका सारखा आहे.

डब्यात इल्गरच्या दोन पेनी आहेत. दोन्हींची मागची बाजू एकाच ठशाची निघाली, अक्षर अन् अक्षर जुळतंय, ऑन मधल्या एनचा मोडका पायसुद्धा. पुढची बाजू मात्र वेगवेगळ्या ठशांची. बहुतेक वेळा उलटं दिसतं, पुढची बाजू तीच आणि मागची वेगळी, कारण मागची बाजू वरच्या ठशाची. पण हेही होऊ शकतं. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात ठोकून बसवलेला असायचा, वरचा हातात धरून त्यावर हातोडा, त्यामुळे वरचा लवकर झिजायचा आणि ठशांच्या जोड्या सारख्या बदलायच्या. आणि वरचा ठसा हातात असल्यामुळे दोन्ही बाजूंची दिशा एकमेकींशी ठरलेली नसते, एका नाण्यात मागचा क्रॉस सरळ, दुसऱ्यात कलता. दोघींची वजनं १.३९ आणि १.३१ ग्रॅम. एक टॉवर पौंड चांदी म्हणजे साधारण ३५० ग्रॅम, त्यात २४० पेनी, भाग द्या, १.४६ येतं. झीज धरली तर दोन्ही बरोबर बसतात.

२३ फेब्रुवारी

फोटोंची पद्धत पक्की केली. लाइट वरून मारला की चांदी नुसती चकाकते आणि काही दिसत नाही. टेबल लॅम्प जवळजवळ टेबलाला टेकवून बाजूने प्रकाश सोडायचा आणि नाणं हळूहळू फिरवायचं, एकेका दिशेला एकेक अक्षर उठून येतं. यूएसबी मायक्रोस्कोप आहेच पण खरं काम दहापटीच्या भिंगानेच होतंय.

ठोकून पाडलेल्या नाण्यात काय बघायचं ते इथे लिहून ठेवतो. अक्षराच्या बाजूने धातू सरकल्याच्या बारीक रेघा, कडेकडे गेलेल्या. कडेला पातळ चिरा, ज्या आतल्या दिशेने निमुळत्या होतात. एका बाजूला उठाव जास्त असेल तर त्याच्या नेमका मागे सपाट डाग, कारण तेवढा धातू पुरलाच नाही. ओतीव नाण्यात हे सगळं मेणासारखं मऊ होऊन येतं, चिरा असतात पण त्यांना खोली नसते, आणि अक्षरांच्या पायाशी बारीक गोल खड्डे, हवेचे बुडबुडे. जमिनीत राहून चांदी खातेच, पण ते खड्डे वेडेवाकडे असतात. गोल, गुळगुळीत कडेचे खड्डे दिसले की कान टवकारायचे.

२ मार्च

लाँग क्रॉस. १२४७ ला तिसऱ्या हेन्रीने क्रॉसचे हात नाण्याच्या काठापर्यंत नेले. कारण कातरणं. लोक पेनीच्या कडा कातरून चांदी काढून घ्यायचे आणि नाणं तसंच चालवायचे, आता चारही टोकं दिसली नाहीत तर नाणं कातरलंय हे दुकानदारालाही कळणार. या नव्या नाण्यांसाठी पैसा घातला राजाच्या भावाने, कॉर्नवॉलच्या रिचर्डने, आणि नफ्यात वाटा घेतला.

कातरण्याच्या या गोष्टीला एक फार वाईट बाजू आहे आणि ती न लिहिता पुढे जाववत नाही. १२७८ मध्ये पहिल्या एडवर्डच्या हुकमाने इंग्लंडभर ज्यूंची धरपकड झाली, आरोप नाणी कातरल्याचा, सहाशेच्या वर माणसं लंडनच्या टॉवरमध्ये कोंडली आणि त्यातल्या अडीचशेहून जास्त जणांना फाशी दिलं. कातरणारे ख्रिश्चनही होते, त्यातले फार थोडे फासावर गेले, बरेचसे दंडावर सुटले. १२९० ला तर सगळ्या ज्यू समाजालाच देशाबाहेर काढलं. डब्यातली एक लाँग क्रॉस पेनी चांगलीच कातरलेली आहे, १.०४ ग्रॅम. यादीत तिच्यासमोर नुसतं 'कातरलेलं' असं लिहिताना हात थबकला.

वर्ग लावायला इथे सोपं आहे. राजदंड नसेल तर पहिले तीन वर्ग, असेल तर पुढचे. नावानंतर टेर्की, म्हणजे लॅटिनमध्ये तिसरा, असेल तर दुसरा वर्ग, रोमन तीन असेल तर तिसरा किंवा पुढचा. १२४८ ला बाहेरगावच्या बऱ्याच टांकसाळी उघडल्या, त्यांची बहुतेक नाणी तिसऱ्या वर्गातली.

९ मार्च

आजचं प्रकरण महत्त्वाचं आहे. लाँग क्रॉस, तिसरा वर्ग, निकोल ऑन लुंड, अशा दोन पेनी. एकीखाली चिठ्ठी आहे, वजन २१.३ ग्रेन. दुसरीखाली चिठ्ठी नाही. यादीत त्यांना अ आणि ब म्हणतोय.

दोघींचे ठसे सारखे आहेत, दोन्ही बाजूंचे. हे होऊ शकतं. दोघींची दिशाही सारखी, क्रॉस तेवढाच कललेला. हे योगायोगाने होऊ शकतं. पण मग दोघींच्या गालावर तोच तिरका ओरखडा आहे, आणि काठावर घड्याळात चार वाजतात त्या जागी तोच छोटा खोक. ओरखडा आणि खोक ठशातून येत नाहीत, ते नाणं पाडल्यानंतर कुणाच्या तरी हातून, खिशातून, नांगराच्या फाळाने झालेले असतात, आणि दोन वेगळ्या नाण्यांना तीच जखम त्याच जागी होत नाही. म्हणजे एक दुसरीवरून ओतलेली आहे, किंवा दोघीही तिसऱ्या कुठल्यातरी नाण्यावरून ओतलेल्या आहेत.

अ चं वजन १.३८ ग्रॅम, गणित केलं, २१.३ ग्रेन म्हणजे बरोबर १.३८. व्यास १८.६ मिमी. ब चं वजन १.१६ आणि व्यास १८.३. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे साच्यातून आलेली नक्कल मूळ नाण्यापेक्षा किंचित लहान निघते, आणि इथे ती नेमकी तशी आहे. अ च्या खोकेत आतला धातू कातळासारखा दाणेदार दिसतो, ब च्या खोकेत तो गुळगुळीत आहे, साच्याने जसा घेतला तसा. माझं मत झालंय, पण अजून दोन तपासण्या करून मगच लिहीन.

१५ मार्च

घनतेची तपासणी. चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदी साधारण १०.३ च्या वर. नाणं हवेत तोलायचं, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून तोलायचं, वजनातल्या फरकाने भागायचं. सगळीकडे हे सोपं म्हणून सांगतात. पण पेनीसाठी घरच्या ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर हे करू नका, आकडे बघा ना, १.३० ग्रॅमच्या पेनीचा पाण्यातला फरक येतो साधारण ०.१३. काट्याने ०.१२ दाखवलं तर उत्तर १०.८, ०.१३ ला १०.०, म्हणजे शेवटचा आकडा एकाने हलला तर शुद्ध चांदीच्याही वर जाताय किंवा पार हलक्या चांदीत. ग्रोट साडेचार ग्रॅमचा असतो, तिथे चालून जातं.

महाराष्ट्र मंडळातला एक मित्र लॅबमध्ये काम करतो, त्याच्याकडून ०.००१ चा काटा आणला. तो म्हणाला अरे पाण्यात साबणाचा एक थेंब टाक, नाहीतर अक्षरांच्या खाचांत हवा अडकते आणि सगळं गणित बिघडतं. टाकला. अ ची घनता १०.३ आली. ब ची ९.९.

२२ मार्च

एडवर्डच्या पेनी. या डब्यात सगळ्यात जास्त याच आहेत आणि खरं सांगतो, माझ्या सगळ्यात आवडत्या.

१२७९ ला पहिल्या एडवर्डने सगळं बदललं. टांकसाळवाल्याचं नाव गेलं, फक्त बरी सेंट एडमंड्सला रॉबर्ट द हॅडली काही काळ स्वतःचं नाव लावत राहिला. मागे एकेरी लांब क्रॉस, प्रत्येक कोनात तीन ठिपके, आणि गावाचं नाव, सिविटास लंडन, सिविटास कँटर, व्हिला ब्रिस्टॉली. बिशपची गादी असलेलं गाव सिविटास आणि नसलेलं व्हिला. पुढे एडवर्ड, इंग्लंडचा राजा, आयर्लंडचा स्वामी, असं सगळं आखडून लिहिलेलं. आणि गोल हाफपेनी, गोल फार्दिंग आले, त्याआधी सुट्टे हवे असले की पेनी क्रॉसच्या रेषेवर कापायचे, अर्धी किंवा पाव.

नंतरच्या दोन एडवर्डांनीही हाच नमुना चालू ठेवला. त्यामुळे परत तोच खेळ, अक्षरं बघा. दुसऱ्या वर्गात एन उलटा. नवव्यात बऱ्याच वेळा छातीवर तारा. दहाव्यात, म्हणजे १३०१ च्या सुमारापासून, नाव एड्व च्या जागी एडवर्ड, एडवार, एडवा असं वाढतं.

डरहॅमची पेनी मात्र वेगळीच मजा आहे. डरहॅमचे बिशप स्वतःची खूण टाकायचे. बेक बिशप होता १२८३ ते १३११, त्याची खूण टोकं दुभंगलेला छोटा क्रॉस. त्याच्यानंतर केलो, १३११ ते १३१६, त्याने मागच्या लांब क्रॉसचा एक हातच वाकवून बिशपच्या दंडासारखा केला. त्याच्यानंतरच्या बोमाँटने सिंह आणि लिलीची फुलं. डब्यातल्या डरहॅम पेनीवर वाकवलेला दंड स्पष्ट दिसतोय. म्हणजे मागची बाजू सांगते १३११ ते १३१६. मग पुढची बाजू बघितली, मुकुट आणि नावाची अक्षरं अकराव्या वर्गाची, म्हणजे साधारण १३१० ते १३१४. वजन १.३६. दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे सांगितलेली वर्षं एकमेकांत बसली. नकली नाणं करणारा माणूस बहुतेक वेळा इथे फसतो, त्याला चेहरा जमतो, चांदी जमते, पण कुठल्या बिशपच्या काळात मुकुटाची पाकळी कशी होती हे सगळं एकत्र जमवणं त्याला जमत नाही. म्हणून मी आता आधी ओळख पूर्ण करतो आणि खरं-खोटं त्यानंतर, कारण ओळख पूर्ण झाली की निम्म्याहून जास्त उत्तर मिळालेलं असतं.

२९ मार्च

एक एडवर्ड पेनी काही केल्या वाचेना. चेहरा आहे, क्रॉस आहे, ठिपके आहेत, वजन १.२७. पण मुकुट जरा पसरट, आणि अक्षरं एड्व ने सुरूच होत नाहीत. चिठ्ठीवर नुसतं प्रश्नचिन्ह.

लाइट फिरवत फिरवत एकेक अक्षर कागदावर उतरवलं आणि शेवटी जमलं, गाल्क्स कोमेस पोर्क. मागे मोनेट नोव्हा इव्ह. एडवर्ड नाहीच! हा गोशे द शातियों, पोर्सियँचा काउंट, १३०२ पासून फ्रान्सचा कॉन्स्टेबल, म्हणजे फ्रान्सच्या राजाचा सेनापती, आणि त्याने आपल्या इव्हच्या टांकसाळीत इंग्लंडच्या पेनीसारखी दिसणारी पेनी पाडली. अक्षर न येणाऱ्या माणसाने हातात घेतली तर ती इंग्लिश पेनी म्हणून खपणार. इंग्लंडची स्टर्लिंग पेनी तेव्हा युरोपभर विश्वासाची होती, लोकर इंग्लंडची, विणकर फ्लँडर्सचे, त्या व्यापारात हीच चांदी फिरायची, त्यामुळे आसपासच्या सगळ्या काउंट, ड्यूक, बिशपांनी तिच्या नकला काढल्या. १२९० च्या दशकात तर अशा नकला इंग्लंडात इतक्या शिरल्या की १२९९ च्या शेवटी त्यांची किंमत अर्ध्या पेनीवर आणली आणि १३०० मध्ये बंदच केल्या. पुढे लक्झेंबर्गच्या जॉनने, तोच जो नंतर आंधळा झाला आणि १३४६ ला क्रेसीच्या लढाईत मेला, त्याने आणखी हलक्या काढल्या. १३५१ च्या राजद्रोहाच्या कायद्यात अशी लक्झेंबर्गी खोटी नाणी देशात आणणं हा राजद्रोह म्हणून लिहिलंय.

आता हिला यादीत खोटी म्हणायची का? माझ्या मते नाही. ही १३१०-२० च्या आसपास एका खऱ्या काउंटने खऱ्या टांकसाळीत पाडलेली, सातशे वर्षं जुनी, आणि नाव स्वतःचंच लिहिलेली पेनी आहे. ब नंबरची पेनी अलीकडे कोणीतरी घेणाऱ्याला फसवायला ओतलेली आहे. दोघींना एकाच रकान्यात टाकणं हा अन्याय होईल. रकाने तीन केले: अस्सल, त्या काळची नक्कल, आताची बनावट.

५ एप्रिल

ग्रोट. तिसऱ्या एडवर्डचे, १३५१ नंतरचे. इथे वर्ष काढायला फ्रान्सच मदतीला येतो. १३६० च्या ब्रेटिन्यीच्या तहात एडवर्डने फ्रान्सच्या गादीवरचा हक्क सोडला, म्हणून त्यानंतरच्या नाण्यांवरून फ्रान्सचं नाव जातं आणि अ‍ॅक्विटेन येतं, १३६९ ला परत भांडण आणि परत फ्रान्स. डब्यातल्या दोन ग्रोटवर फ्रान्स आहे, अक्षरांवरून तहाच्या आधीचे. घनता १०.३ आणि १०.२. ठीक.

१२ एप्रिल

युरोपातली नाणी.

व्हेनिसचा ग्रोसो, पिएत्रो ग्रादेनिगो डोज (व्हेनिसचा सत्ताप्रमुख) असतानाचा, म्हणजे १२८९ ते १३११. संत मार्क डोजच्या हातात झेंडा देतोय, मागे सिंहासनावर ख्रिस्त. ठरलेलं वजन २.१८ ग्रॅम आणि चांदी साडेअठ्ठ्याण्णव टक्के, आमचा भरला २.१४. याच टांकसाळीने १२८४ ला सोन्याचं डुकाट काढलं, त्यात हाच संत मार्क आहे पण डोज गुडघ्यावर बसलेला. ते डुकाट पुढे व्यापारातून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आलं, आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेचं मूळ तेच. आजींना माळेचा फोटो दाखवला, त्या बराच वेळ दोन्ही शेजारी ठेवून बघत बसल्या.

प्राग ग्रोशेन दोन. हे नाणं १३०० मध्ये बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक देशाच्या, राजाने, दुसऱ्या वेन्सेस्लासने सुरू केलं, कुटना होराच्या चांदीच्या खाणी सापडल्यावर, त्यासाठी फ्लॉरेन्सहून माणसं आणली. सुरुवातीला वजन ३.७ ग्रॅमच्या आसपास. दोन्ही चिठ्ठ्यांवर वेन्सेस्लास आहे, एका नाण्यावर सेकुंडुस (दुसरा) आणि दुसऱ्यावर टेर्कियुस (तिसरा). यातला टेर्कियुस हा इतिहासातला तिसरा वेन्सेस्लास नव्हे. तो जेमतेम १३०५-०६ एवढाच राजा होता आणि त्याच्या काळात बापाच्याच नावाची नाणी चालू राहिली. टेर्कियुस लिहिणारा म्हणजे आपण ज्याला चौथा म्हणतो तो, १३७८ ते १४१९. आणि नाणंही तेच सांगतं, २.६३ ग्रॅम, घनता ९.८, म्हणजे चांदी साठ टक्क्यांच्या घरात, चकती चार बाजूंनी ठोकून चौकोनी झालेली, सिंहाचा अर्धा चेहरा सपाट. याच्यावर एका बाजूला छोटा शिक्काही मारलाय, पंधराव्या शतकात जर्मन शहरं अशी नाणी पारखून स्वतःची खूण मारायची आणि मगच बाजारात चालू द्यायची. म्हणजे या नाण्याची परीक्षा माझ्याआधी सहाशे वर्षांपूर्वी कोणीतरी करून ठेवलेली आहे.

लक्झेंबर्गचा जॉन बोहेमियाचाही राजा होता, त्याच्या नावाचे प्राग ग्रोशेन आहेत, चांगल्या चांदीचे. तोच माणूस दुसरीकडे नकली स्टर्लिंग पाडत होता. डब्यात त्याचं एकही नाणं नाही याची खरंच हळहळ वाटते.

१९ एप्रिल

ऑफाची पेनी. मर्सिया या इंग्लंडातल्या जुन्या राज्याचा राजा ऑफा, आठव्या शतकातला, चेहऱ्याची पेनी म्हणजे भयंकर दुर्मिळ आणि महाग. आजींना या एका नाण्याबद्दल फार आशा होती कारण मिस्टर हे वेगळ्या डबीत ठेवायचे.

नाणं सुंदर आहे, केसांची एकेक बट दिसते. पण काठ भिंगाखाली धरला आणि मधोमध सगळीकडून फिरणारी बारीक शिवण दिसली. हे इलेक्ट्रोटाइप. खऱ्या नाण्याच्या दोन्ही बाजूंचे साचे घेऊन विजेने त्यात तांब्याचे पातळ पापुद्रे चढवायचे, दोन्ही पापुद्रे जोडायचे, वरून चांदी. एकोणिसाव्या शतकात संग्रहालयं अभ्यासासाठी असे करून घ्यायची, ब्रिटिश म्युझियमसाठी रॉबर्ट रेडीने केलेल्यांच्या काठावर त्याची आर आर किंवा एम बी अशी अक्षरं असतात. यावर काही नाही. डबीच्या तळाला कापसाखाली घडी घातलेला कागद निघाला, मिस्टरांच्याच अक्षरात, इलेक्ट्रोटाइप, आणि खाली किंमत, दोन-चार शिलिंगची. त्यांना माहीत होतं, सुंदर आहे म्हणूनच घेतलेलं. आजींना कागद वाचून दाखवला, त्या हसल्या आणि म्हणाल्या मग ती डबी माझ्याकडेच राहू दे.

३ मे

बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमधल्या एका दुकानात एक्सआरएफ मशीन आहे, क्ष-किरण मारून कुठला धातू किती ते सांगणारं, त्यांनी मोजकी नाणी तपासून दिली. मशीन फक्त वरचा थर वाचतं हे लक्षात ठेवायला लागतं. जुन्या चांदीत वरच्या थरातलं तांबं निघून गेलेलं असतं, काही टांकसाळीतच आम्लात टाकल्यामुळे आणि काही जमिनीत, त्यामुळे चांदीचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. म्हणून मी चांदीपेक्षा शिसं आणि सोनं बघत होतो. मध्ययुगात चांदी शिशाबरोबर गाळून शुद्ध करायचे, थोडं शिसं आत राहतंच, आणि सोनं वेगळं काढणं परवडायचं नाही म्हणून तेही सापडतं. आजची चांदी विजेने शुद्ध केलेली, तिच्यात ही दोन्ही जवळजवळ नसतात.

अ: चांदी ९४, शिसं एक टक्क्याच्या जरासं खाली, सोन्याचा मागमूस. ब: चांदी ९२.६, बाकी तांबं, शिसं नाही, सोनं नाही. म्हणजे ब आजच्या स्टर्लिंगच्या मोडीतून ओतलेली. आणि आता घनतेचा तिढाही सुटला, मशीन म्हणतं स्टर्लिंग, मग घनता १०.३ च्या वर यायला हवी होती, आली ९.९, म्हणजे आत पोकळ्या आहेत, बुडबुडे आहेत. तीन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर. ब आताची बनावट, यादीत पक्कं केलं, पाकिटावर कायमच्या शाईने लिहिलं, म्हणजे उद्या डबा कोणाच्याही हातात गेला तरी ती परत बाजारात जाणार नाही.

१७ मे

यादी आजींना दिली. प्रत्येक नाण्याला फोटो, वजन ग्रॅममध्ये आणि चिठ्ठीवरचं ग्रेनमध्ये, वर्ग, गाव, आणि प्रत्येक निर्णयामागचं कारण एका ओळीत. मिस्टरांच्या चिठ्ठ्या जशाच्या तशा नाण्याखाली. पुढेमागे विकायचं झालं तर नाणं चिठ्ठीसकट विका, एवढंच आग्रहाने सांगितलं, कारण कुठून आलं हे माहीत असलेलं नाणं वेगळं आणि नुसतं नाणं वेगळं. कोणी नातवंडं मेटल डिटेक्टर घेऊन शेतात गेली तर काय, असं त्यांनी विचारलं. एकत्र पुरलेली दोन किंवा जास्त जुनी चांदीची नाणी सापडली तर १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे चौदा दिवसांत कॉरोनरला (सरकारी चौकशी अधिकाऱ्याला) कळवायचं, आणि एकटं सापडलं तरी तुमच्या भागातल्या फाइंड्स ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्याला, दाखवायचं, त्यांच्या ऑनलाइन नोंदींमधूनच मी यातली निम्मी नाणी जुळवली.

एकच राहिलंय. कापलेली शॉर्ट क्रॉस, अर्धी पेनी. टांकसाळवाल्याच्या नावातलं फक्त शेवटचं आर आणि आय उरलंय, मग ऑन, मग एक उभा दांडा आणि त्याला तळाशी छोटा पाय. तो एल असणार, म्हणजे लंडन, कँटरबरी गेलं. टेरी असेल तर सातवा वर्ग, हेन्री असेल तर बराच आधीचा. चेहऱ्याच्या अर्ध्या भागात कानाजवळची एक बट आहे, तिच्या आत ठिपका आहे की नुसती माती हे अजून दिसत नाहीये. पुढच्या आठवड्यात मित्राकडच्या चांगल्या मायक्रोस्कोपखाली, डावीकडून लाइट.